लुंडेचा धक्का, १९३१

मी मॅट्रिक. दिवसा गोदीत गाठी उचलतो, रात्री कविता लिहितो. मला इतिहासावर बोल म्हणाले. राजेरजवाडे मला येत नाहीत. मी स्वीडनमधल्या एका धक्क्यावर बोलतो. धक्का मला कळतो.

स्वीडन म्हटलं की लोक म्हणतात, तिथं काय, सगळ्यांचं सरकार बघतं. १९३१ साली बघत नव्हतं. मंदी होती, मजुरी कापली जात होती. उत्तरेला ओडालेन नावाचं नदीचं खोरं. वरच्या जंगलातलं लाकूड नदीनं खाली यायचं, कारखान्यात त्याचा लगदा व्हायचा, लगद्याच्या गाठी बोटीत चढायच्या. त्याचा कागद. ज्यावर आपण मालकाला शिव्या लिहितो तो कागद!

लांबच्या एका लगदा कारखान्यात मजुरीवरून संप चालू होता. त्यांच्यासाठी ओडालेनचे कामगारही संपावर गेले. मालकांनी सुमारे ६० संपफोडे आणले, बोट भरायला. १३ मेला कामगारांनी त्यांना गाठून बदडलं. मग लष्कर आलं.

इथं मी जरा थांबतो. मीही एकदा त्या साठांतला होतो. एका धक्क्यावर संप होता. मुकादम वस्तीत आला, दुप्पट रोज देतो म्हणाला. घरात पीठ नव्हतं. गेलो. पहिली गाठ पाठीवर घेतली तेव्हा फाटकापलीकडून कुणीतरी नावानं हाक मारली. शिवी नाही, नुसती हाक. मी मान वर केली नाही.

तर १४ मे. ख्रिस्त स्वर्गात गेला त्याची सुट्टी होती म्हणे. फ्रोनोहून हजारो माणसं लुंडे गावाकडं निघाली. पुढं झेंडे, बँड, बायामाणसं. संपफोडे लुंडेतच होते. रस्त्यावर घोडेस्वार आडवे आले, त्यांना हटवून मोर्चा पुढं सरकला. कॅप्टन मेस्टरटननं गोळीबाराचा हुकूम दिला. रायफली, मशीनगन. बँडमधल्या एकानं कर्ण्यावर ‘गोळीबार थांबवा’चा लष्करी इशारा फुंकला. सैनिकांना त्यांच्याच भाषेत सांगावं लागलं!

पाच मेले. चार मोर्चातले. पाचवी आइरा सोडरबर्ग, वय वर्षं वीस. ती मोर्चात नव्हती, बाजूला उभी राहून बघत होती. बघणाऱ्यालाही गोळी लागते, हे आपल्या बघ्यांना कुणीतरी सांगा.

पुढं खटले झाले. कॅप्टन वरच्या कोर्टात सुटला. मोर्चाचा पुढारी अ‍ॅक्सेल नॉर्डस्ट्रोम याला अडीच वर्षं सक्तमजुरी. १९३२ साली सोशल डेमोक्रॅट सत्तेवर आले. १९६९ मध्ये बू विडरबर्गनं या गोळीबारावर सिनेमा काढला. १९८१ मध्ये लुंडेला स्मारक झालं.

आणि ते साठ? १५ मेला त्यांनाही भूक लागलीच असणार. त्यांच्यावर कविता लिहायला घेतलीय. पहिली ओळ लिहितो आणि खोडतो. फाटकापलीकडची ती हाक मधे येते.