श्रीलंकेचा ऑनलाइन प्रवास-परवाना : आपला अर्ज आपण भरावा
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



परदेशी जाण्यापूर्वी संगणकावर जो परवाना काढावा लागतो त्यावर आम्ही बोलणार आहोत, हे कळल्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हाला विचारले, "हा काय भाषणाचा विषय झाला? ते तर एजंटाचे काम." त्यांच्या या शेवटच्या वाक्यासाठीच आम्ही हा विषय घेतला आहे. आम्हीही असेच समजत होतो, आणि त्याची किंमत आमच्याऐवजी दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागली.

फेब्रुवारी २०१९ मधील गोष्ट. मंडळाचे एकोणीस सभासद श्रीलंकेला, अनुराधपूर आणि कँडी येथे जाण्यास निघाले होते. दोन वर्षे दरमहा हजार हजार रुपये बाजूला टाकून ही सहल जमली होती. परवान्याचे काम एका एजंटाकडे दिले. सर्वांच्या पासपोर्टांच्या झेरॉक्स एका पिशवीत घालून त्याच्या दुकानात पोचवल्या. शुल्क त्या वेळी २० डॉलर होते, म्हणजे सुमारे चौदाशे रुपये. त्याने माणशी अडीच हजार घेतले. त्याबद्दल आमची तक्रार नाही, त्याचाही तो धंदा आहे. आठ दिवसांत मंजुरीची पत्रे आली. आम्ही ती मोजली, एकोणीस भरली, फाइलला लावली. वाचली मात्र नाहीत.

सहार विमानतळावर पहाटेच्या विमानासाठी आम्ही मध्यरात्रीच पोचलो. रांगेत आमच्या वस्तीतील एक आजी होत्या. वय अडुसष्ट, महानगरपालिकेच्या शाळेत सेविका म्हणून निवृत्त झालेल्या. खिडकीवरील तरुणाने त्यांचा पासपोर्ट पाहिला, मंजुरीचे पत्र पाहिले, पुन्हा पासपोर्ट पाहिला आणि म्हणाला, "आजी, हा नंबर तुमचा नाही." झेरॉक्स काळपट निघाली होती. पासपोर्टावरील ८ चा ३ झाला होता. तेवढ्या एका आकड्यावरून त्यांना विमानात घेण्यास नकार मिळाला. कोलंबोला उतरल्यावर जादा शुल्क भरून तेथेच परवाना घेण्याची सोय त्या काळी होती. ती आम्हाला ठाऊक असती तर निदान भांडता तरी आले असते. आम्हाला ठाऊक नव्हती, आणि त्या तरुणाने ती सांगितली नाही. आजींचा मुलगा त्यांच्याबरोबर मागे राहिला. आजींनी मेणबत्त्यांची आणि उदबत्तीची पिशवी आमच्या हाती दिली, "तेवढे तिथे लावा" म्हणाल्या, आणि पहिल्या लोकलने घरी गेल्या. आम्ही सतरा जण पुढे गेलो, हेही येथे सांगितले पाहिजे.

परत आल्यावर आम्ही विचार करू लागलो की क्रमांक चुकीचा असताना मंजुरी मिळालीच कशी? याचे उत्तर समजून घेणे फार अगत्याचे आहे. त्या अर्जात पासपोर्टाची प्रत जोडावी लागत नव्हती, फोटोही लागत नव्हता. आपण जे टंकित करू तेवढेच पलीकडे जात होते. त्या नावावर, त्या क्रमांकावर हरकत नसली की मंजुरी येई. म्हणजे आजींच्या नावावर, दुसऱ्याच कोणत्या तरी क्रमांकाला, अगदी नियमानुसार मंजुरी मिळाली होती! मंजुरी आली म्हणजे आपला पासपोर्ट कोणीतरी तपासला, ही समजूत चुकीची आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहण्याचे काम पहिल्यांदा विमानतळावरच्या खिडकीवर होते, आणि तेथे दुरुस्तीला वेळ उरत नाही.

आता हा परवाना म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. श्रीलंकेने १ जानेवारी २०१२ पासून इलेक्ट्रॉनिक ट्रॅव्हल ऑथरायझेशन, म्हणजे ईटीए, ही पद्धत सुरू केली. अल्पकाळच्या भेटीसाठी वकिलातीत खेटे न घालता घरबसल्या अर्ज करावा, मंजुरी ई-मेलने यावी, अशी ही रीत. ऑस्ट्रेलियाने ती १९९६ साली आणली होती, अमेरिकेने २००९ च्या जानेवारीत आपल्या परीने सक्तीची केली. आपल्या देशानेही २७ नोव्हेंबर २०१४ पासून परदेशी पर्यटकांसाठी अशीच सोय उघडली, आणि श्रीलंकेच्या नागरिकांना ती १४ एप्रिल २०१५ पासून मिळाली. तो दिवस त्यांनी सिंहली-तमीळ नववर्षाचा म्हणून निवडला होता. आपल्याला १४ एप्रिल कशासाठी लक्षात राहतो ते येथे सांगण्याची गरज नाही. बोधगयेला येणारा अनुराधपूरचा उपासक आपला अर्ज भरतो आणि अनुराधपूरला जाणारे आपण त्यांचा. संघमित्रा थेरी बोधिवृक्षाची फांदी घेऊन याच वाटेने गेल्या, त्यांना कोणी पासपोर्ट क्रमांक विचारला नसावा! लुंबिनीला जाताना मात्र आपल्याला व्हिसाच लागत नाही. विमानाने जाणाऱ्याने पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवले म्हणजे झाले. त्या सवयीने आपले लोक श्रीलंकेलाही तसेच समजतात आणि फसतात.

अर्ज लहान आहे, अर्ध्या तासात होतो. परंतु आपल्या लोकांची गाडी ज्या ठिकाणी अडते ती ठिकाणे ठरलेली आहेत.

पहिले म्हणजे नाव. पासपोर्टावर आडनाव एका ओळीत आणि नाव दुसऱ्या ओळीत असते. आपल्याकडे नावाच्या ओळीत बहुधा वडिलांचे किंवा पतीचे नावही असते. अर्ज भरणारा पोरगा घाईत ते गाळतो, कारण घरात आजीला कोणी तीन नावांनी हाक मारीत नाही. ते गाळू नये. पासपोर्टात जेवढे आहे तेवढे, त्याच स्पेलिंगने. आपल्यातील पुष्कळ कुटुंबांनी राजपत्रात प्रसिद्धी देऊन आडनाव बदलले आहे. मुलाचे नवे, आईच्या पासपोर्टावर जुने, असे घरोघरी दिसते. त्यात लाजण्यासारखे काही नाही, पण अर्जात पासपोर्टावरचेच आडनाव लिहावे, मनातले नव्हे. काही वृद्धांच्या पासपोर्टावर आडनावाची ओळ कोरीच असते. त्यांनी पासपोर्ट नव्याने काढून आडनाव घालून घ्यावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो. २०२२ च्या नोव्हेंबरात संयुक्त अरब अमिरातीने एकच नाव असलेल्या प्रवाशांना अडविण्याचा नियम काढला, तेव्हा अनेकांची तारांबळ उडाली होती.

दुसरे, जन्मतारीख. आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्याला त्याला १ जून लावून टाकला. आईला खरी तिथी आठवते, नातवाला आजीचा वाढदिवस वेगळाच माहीत असतो. येथे खरे-खोटे करण्याचे कारण नाही. पासपोर्टावर १ जून असेल तर त्या अर्जापुरता आपला जन्म १ जूनचाच!

तिसरा, क्रमांक. याबद्दल विद्यार्थ्यांना थोडे जास्त सांगतो. आपल्या पासपोर्टाचा क्रमांक म्हणजे एक इंग्रजी अक्षर आणि त्यापुढे सात आकडे. पासपोर्टाच्या फोटोच्या पानावर तळाला दोन लांब ओळी असतात, ज्यांत मधेमधे कोनाची चिन्हे छापलेली दिसतात. प्रत्येक ओळीत ४४ खुणा. खिडकीवरचे यंत्र याच ओळी वाचते. दुसऱ्या ओळीच्या आरंभी पासपोर्ट क्रमांक असतो, आणि त्यानंतर ताळ्याचा एक आकडा. क्रमांकातील अक्षरांना ठराविक किंमत देऊन सर्वांना ७, ३, १ या क्रमाने गुणतात, बेरीज करतात आणि दहाने भागून जी बाकी उरते ती तेथे छापतात. एखादा आकडा चुकीचा वाचला गेला तर बहुधा ताळा जमत नाही आणि यंत्र लगेच ओळखते. अर्ज भरणाऱ्या माणसाजवळ मात्र असा ताळा नसतो. म्हणून वरचा क्रमांक आणि खालचा क्रमांक, दोन्ही मूळ पासपोर्टावरून, एकाने वाचावा व दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून पाहावा. झेरॉक्सवरून नको, मोबाइलवर आलेल्या फोटोवरून तर नकोच. आणि पासपोर्ट नव्याने काढला की क्रमांकही नवा येतो. जुन्या क्रमांकावर घेतलेला परवाना मग निरुपयोगी.

ई-मेलचा पत्ता कोणाचा द्यावा? जो प्रवासात बरोबर आहे किंवा रात्री फोन उचलतो त्याचा. एका कुटुंबाची मंजुरी शेजारच्या मुलाच्या ई-मेलवर येऊन पडली होती आणि तो मुलगा परीक्षेला पुण्याला गेला होता! मंजुरीचा कागद छापून घ्यावा, अर्जाचा संदर्भ क्रमांक वहीत लिहून ठेवावा, त्यावरून अर्जाची स्थिती केव्हाही पाहता येते.

भेटीचा हेतू या रकान्यात स्तूप-विहार पाहणे पर्यटनात बसते. एखाद्या परिषदेत किंवा धार्मिक कार्यक्रमात भाग घेण्यासाठी जाणाऱ्यांसाठी व्यावसायिक भेटीच्या सदरात वेगळा पर्याय ठेवण्यात आला होता. आपले भिक्खू किंवा कार्यकर्ते निमंत्रणावरून जाणार असतील तर त्यांनी हा रकाना वाचूनच भरावा.

आता संकेतस्थळाविषयी. श्रीलंका शासनाचे स्थळ ईटीए डॉट गव्ह डॉट एलके हे आहे. शोध घेतला की याच्याही वर, तशाच रंगाची, तसेच चित्र लावलेली खासगी स्थळे दिसतात. ती पैसे घेऊन आपलाच अर्ज शासनाकडे भरतात, किंवा तेही करीत नाहीत. पत्त्याचा शेवट पाहावा. पैसे भरताना कार्ड नाकारले गेले तर घाबरू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवे कार्ड केवळ देशातील एटीएम आणि दुकानातील यंत्रापुरतेच चालू करून देतात. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार आपण स्वतः चालू करून घ्यावे लागतात.

किती शुल्क पडेल, हे आम्ही मुद्दाम सांगत नाही. नोव्हेंबर २०२३ पासून काही महिने भारतीयांना शुल्क माफ होते, मात्र अर्ज करावाच लागे. फुकट म्हणजे अर्ज नको, असे समजून काहींनी तो केलाच नाही. एप्रिल २०२४ मध्ये तेथील सरकारने हे काम खासगी कंपन्यांच्या नव्या व्यवस्थेकडे दिले, त्यावर तेथे मोठा गदारोळ झाला. २ ऑगस्ट २०२४ रोजी त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या व्यवस्थेला स्थगिती दिली आणि सप्टेंबरअखेर जुनी ईटीए पद्धत परत आली. एका वर्षात एवढे फेरफार! तेव्हा गेल्या वर्षी जाऊन आलेल्या भाच्याने दिलेली माहितीची चिठ्ठी खिशात असली तरी अर्जाच्या दिवशी शासकीय स्थळावरचे नियम वाचावेत. तसेच परवाना हाती असला तरी आत सोडण्याचा अधिकार तेथील अधिकाऱ्याचाच. पासपोर्टाची मुदत सहा महिने शिल्लक, परतीचे तिकीट आणि राहण्याचा पत्ता जवळ असावा.

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही दुसऱ्यांदा निघालो. या खेपेस एजंट नव्हता. विहाराच्या वाचनालयात तीन रविवार बसलो. आमच्या महाविद्यालयीन मुली संगणकावर आणि ज्याचा त्याचा पासपोर्ट ज्याच्या त्याच्या हातात. आजी आता त्र्याहत्तर वर्षांच्या झाल्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात. त्यांनी पासपोर्ट मिटून ठेवला आणि आपला क्रमांक पाठ म्हणून दाखवला. पाच वर्षांत तो त्यांच्या तोंडातून गेला नव्हता. मुलीने टंकित केला. आजी म्हणाल्या, "आता तू वाच." तिने वाचला. "तिसरा आकडा परत वाच." तो ८ होता.

विमानतळावर त्यांना कोणी काही विचारले नाही. अनुराधपूरला महाबोधीच्या कठड्याशी त्या बराच वेळ उभ्या होत्या. २०१९ साली त्यांच्या मेणबत्त्या आम्ही नेमक्या कोठे लावल्या, ते त्यांनी विचारून घेतले आणि मग तेथे जाऊन बसल्या.

पुढच्या सहलीत नावे दिलेल्यांचे अर्ज येत्या रविवारी सकाळी दहा वाजल्यापासून वाचनालयात भरावयाचे आहेत. मूळ पासपोर्ट आणावा, झेरॉक्स चालणार नाही. पैसे भरणाऱ्याने बँकेत कार्ड चालू करून घेऊन यावे. आणि ज्येष्ठांनी चष्मा विसरू नये.