सांभाळलेल्या मुलांचें जेवण आणि प्राप्तिकर

इंग्लंडांत परक्यांचीं मुलें आपल्या घरीं मोबदला घेऊन सांभाळणाऱ्या स्त्रीला ‘चाइल्डमाइंडर’ म्हणतात. बहुधा ती स्वतंत्र व्यावसायिक असते. म्हणून ६ एप्रिल ते ५ एप्रिल या वर्षाचा हिशेब तिला स्वतःच कर खात्यास द्यावा लागतो. त्यांत मुलांच्या जेवणाचा वाजवी खर्च वजा करतां येतो. आईबापांनींच डबा पाठविला तर वजावट कसली? आणि जेवणाचे पैसे निराळे घेतले, तर ते मिळकतींत धरावे लागतात.

खरी अडचण चुलीपाशीं येते. एकाच पातेल्यांतलें तिचें लेकरूं जेवतें, तीहि जेवते. वजा होतो तो मात्र सांभाळलेल्या मुलांचा वाटा. खर्च केवळ धंद्यासाठींच झालेला असावा, हें तेथील २००५ च्या कायद्याचें सूत्र. १९७५ सालीं एका सुताराचें प्रकरण न्यायालयापुढें आलें. घरीं जेवणास १० पेन्स, कामावर ४०. वरचे ३० तरी वजा करावे, एवढेंच त्याचें मागणें. तेंहि नाकारलें गेलें, कारण माणूस जगण्यासाठीं जेवतो! निर्णय कडक खरा, पण तर्काला सोडून नाहीं.

तेव्हां मुलें किती, जेवणें किती, सामान कितीचें, हें रोजच्या रोज टिपलें पाहिजे. जी टिपत नाहीं तिचा पैसा वाण्याकडे गेलेलाच असतो, आणि त्याच पैशावर तिला करहि भरावा लागतो. आवक थोडी असल्यास २०१७ पासून १००० पौंडांची सरसकट सूट मिळते. मात्र ती घेतली म्हणजे जेवणाची वजावट उरत नाहीं.