माळ, साडी आणि शेवाळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



पटकथेवर बोलायचे ठरले तेव्हा काहीजणी म्हणाल्या, "आपल्याला सिनेमा थोडाच काढायचा आहे!" नसेल काढायचा, पण संमेलनाची नाटुकली आपणच लिहितो ना? त्यांतली आई रडते आणि रडता रडता आपल्याला किती दुःख झाले तेही सांगून टाकते. मग बघणारीने करायचे काय?

सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' १९५५ साली आला. विभूतिभूषण बंदोपाध्याय यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट. रायबाबूंनी रीतसर पटकथा लिहिली नाही. प्रसंगांची चित्रे काढून वही भरली.

त्यात शेजारीण दुर्गेवर माळ चोरल्याचा आळ घेते. दारिद्र्याने कावलेली आई, सर्वजया, पोरीला मारते, ओढत घराबाहेर काढते. पुढे पावसात भिजून, तापाने दुर्गा जाते. बाप परगावी, त्याला काहीच ठाऊक नाही. तो परततो आणि आणलेल्या वस्तू दाखवू लागतो. पोळपाट-लाटणे, लक्ष्मीची तसबीर, मग दुर्गेची साडी. तोवर गप्प असलेली सर्वजया ती साडी हाती येताच कोसळते. तिचा हंबरडा ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई वाजते. "मुलगी गेली" हे वाक्य कोणालाच म्हणावे लागत नाही.

मला मात्र पुढचा प्रसंग त्याहून थोर वाटतो. गाव सोडताना आवराआवरीत धाकट्या अपूला ती माळ सापडते. म्हणजे दुर्गेने घेतलीच होती! तो कोणाला सांगत नाही. धावत जाऊन माळ तळ्यात फेकतो. शेवाळ बाजूला होते, काळे पाणी दिसते, आणि शेवाळ हळूहळू पुन्हा मिटते. बहिणीची लाज भावाने झाकली; आईला ते कधीच कळणार नाही. कादंबरीत चोरीची वस्तू बांबूच्या बनात जाते. तळे रायबाबूंचे.

पण नुसते तळे दाखवून हे साधत नाही हं! आधी तो मार आपण पाहिलेला असतो, म्हणून त्या माळेला वजन येते. कोणी मेले की दिवा विझवायचा, ही आपल्या सिनेमावाल्यांची जुनी खोड. त्या दिव्याशी आपले नातेच जडलेले नसते, मग डोळे कसे भरून यावेत?

गेल्या संमेलनात आपल्या नाटुकल्यातली मुलगी सासरी जाताना दोन पाने बोलली. तेच नाटुकले यंदा पुन्हा करायचे घाटते आहे. ती दोन पाने काढून तिच्या हाती काय द्यायचे, आणि ते पहिल्या प्रवेशात कोठे ठेवायचे, हे चहाच्या वेळी बसून ठरवू.