भुंकणारा कुत्रा आणि शेजारधर्म

मी चंदीगडच्या सेक्टर 30 मधून बोलतोय.

मागच्या हिवाळ्यात एका रात्री साडेअकराला आमची बेल वाजली. दारात शेजारचे सरदारजी. हात जोडून म्हणाले, "कर्नल साहब, माँ बीमार है, तीन रात से सोई नहीं." आम्ही दोघं रोज कुठल्या ना कुठल्या लग्नाला जात होतो आणि आमचा शेरू बाल्कनीत एकटा भुंकत होता. मला वाटायचं, चांगला पहारा देतोय! पण फौजेत उगाच दर पाच मिनिटांनी धोक्याची शिटी वाजवणाऱ्या संत्र्याला आपण काय म्हणतो?

दुसऱ्या दिवशी मी नियम वाचायला बसलो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. आवाज मर्यादेपेक्षा 10 डेसिबलने वाढला, तर तक्रार करता येते. त्यात कुत्र्याच्या भुंकण्याचं वेगळं कलम नाही. पण 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातलं एक वाक्य मला लागलं. सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर ती मालकाची क्रूरता ठरते. म्हणजे गुन्हेगार शेरू नव्हता.

मग आठवडाभर वहीत नोंद केली: किती वाजता भुंकला, किती वेळ, समोर काय होतं. उत्तर सरळ निघालं. घरात कुणी नसलं आणि गल्लीतली कुत्री दिसली, की हा सुरू. आता संध्याकाळी तासभर फिरवतो, बाहेर जाताना त्याला आतल्या खोलीत ठेवतो, पडदे ओढतो. भुंकणं पूर्ण थांबलं नाही, पण रात्रीचं थांबलं.

तुम्हाला त्रास होत असेल, तर आधी दार वाजवा. शक्यतो सकाळी, चहाच्या वेळी. मग वही ठेवा. ऐकलंच नाही, तर सोसायटी, पोलीस, महापालिका आहेच. गल्लीतल्या कुत्र्यांसाठी महापालिकेकडे नसबंदीची मागणी करा. विणीच्या काळातली भांडणं आणि गोंगाट त्याने कमी होतो. दगड आणि विष मात्र नको, तो गुन्हा आहे.

सरदारजींच्या आई आता बऱ्या आहेत. शेरूला रोज अर्धी पोळी देतात.

जय हिंद.