अंगठा देण्याआधी कागद सभेत आणा
(तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या बैठकीत केलेलं भाषण)



१९४५ साली झरीच्या सभेत आपल्या वाडवडिलांनी ठरवलं, वेठबिगार करायची नाय. तेव्हा मालक चाबूक घेऊन यायचा. आता दलाल कागद घेऊन येतो, काका-मामा म्हणतो, चहा पाजतो.

माझ्या बापाची गोष्ट सांगतो. एक व्यापारी म्हणाला, "औंदा तुझ्या माळाचं गवत मी कापतो, त्याचा हा कागद." बापानं अंगठा दिला, पैसे घेतले. कागदात एक साल नव्हतं, नव्व्याण्णव सालांचा भाडेपट्टा होता. बाप लाजला. घरात बोलला नाय, पाड्यात बोलला नाय. आठ सालं तशीच गेली.

कायदा आपल्या बाजूचा आहे. जमीन महसूल कायद्याचं कलम ३६ अ सांगतं, जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जात नाय. विक्री, गहाण, बक्षीस, अदलाबदल, भाडेपट्टा, सगळं त्यात आलं. विक्रीला सरकारची मान्यतापण लागते. २००६ च्या कायद्याचा वनहक्क पट्टा तर वारसालाच जातो, विकता येतच नाय.

म्हणून दलाल आडवाटेनं येतो. कुलमुखत्यारपत्र करून तुमच्या जागी सही करायचा हक्क घेतो. नायतर जमीन दुसऱ्या आदिवासीच्या नावावर करतो. पैसा शेटचा, ताबा शेटचा. आपलाच माणूस पुढं उभा असतो. बोलायला जड जातं, पण बोललं पाहिजे. बुलेट ट्रेन, हायवे, बंदर यांच्या नावानं हे दलाल आणखी वाढलेत.

तर एवढं करा:

१. कोऱ्या कागदावर अंगठा नाय, सही नाय.
२. कागद ग्रामसभेत आणा. दोन शिकलेल्या पोरांनी वेगवेगळा, मोठ्यानं वाचावा. आपली जमीन जाऊ न देण्याचा अधिकार १९९६ च्या पेसा कायद्यानं ग्रामसभेला दिलाय.
३. दर साली सातबारा काढा. नाव, क्षेत्र, इतर हक्क, तिन्ही बघा.
४. फेरफाराची नोटीस आली की १५ दिवसांत लेखी हरकत द्या, पोच घ्या.
५. रजिस्टर झाला म्हणून कागद कायदेशीर होत नाय.

आणि अंगठा आधीच दिला असेल, तर लाजू नका. परवानगीशिवाय गेलेली जमीन परत मागायचा अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे करता येतो. लाज फसवणाऱ्याला वाटली पाहिजे. माझा बाप गप्प बसला, तुम्ही बसू नका. आजच घरी जा, पेटीतले कागद काढा, आणि पुढच्या बैठकीला घेऊन या.

जिंदाबाद!