शिकणाऱ्या आईचे मूल



आपला निधी विद्यार्थिनींची फी भरतो. परंतु विद्यार्थिनी आई असेल तर तिचे मूल कोणी सांभाळावे? प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन ५० वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांत पाळणाघर बंधनकारक झाले. शिकणारी आई नोकरदार नव्हे. ती बाहेरच राहिली. पगार नसता पाळणाघराचे पैसे तिने कोठून द्यावेत? आमच्याच सूनबाईने बी.एड. अर्ध्यावर सोडले, तेव्हा आम्ही सेवानिवृत्त होऊन घरीच वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो, हे लज्जेने कबूल करतो.

तरी विनंती अशी की, शिष्यवृत्तीत पाळणाघराचा खर्च धरावा, आणि आम्हां निवृत्तांनी दुपारचे चार तास नातवंडांस द्यावेत. आम्ही आरंभ केला आहे. सूनबाई यंदा पुन्हा परीक्षेस बसत आहे.