आपल्या जिल्ह्याचे मुख्यमंत्री



म्हसळे तालुक्यातील आंबेतचे बॅरिस्टर अंतुले ९ जून १९८० रोजी मुख्यमंत्री झाले. कुलाब्याचा रायगड झाला तोही त्यांच्याच वेळी, १९८१ साली. पण मला आठवते ते निराळेच. १९८० सालीच त्यांच्या सरकारने संजय गांधी निराधार अनुदान योजना काढली. माझ्या थोरल्या जाऊबाई ऐन तिशीत विधवा. लोकांच्या खाचरांत लावणी करून मुले वाढवीत होत्या. पहिले पैसे अंगठा उठवून घेऊन आल्या, तेव्हा "आता भावाकडे मागायला नको," एवढेच म्हणाल्या.

जानेवारी १९८२ मध्ये सिमेंट प्रकरणी उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला आणि अंतुल्यांना पद सोडावे लागले. पावणेदोन वर्षेही भरली नव्हती. देणग्यांचा तो व्यवहार मला तेव्हा पटला नाही, आजही पटत नाही. जाऊबाईंपुढे मात्र मी हे कधी बोलले नाही.